गाईचा घास आणि अकरा नंबरची बाई

मंडळाच्या कार्यक्रमात नवी ओळख झाली की पहिला प्रश्न येतो, "तुम्ही कुठे असता?" आमच्या मिशिगनमधल्या नोव्हाय गावात याचा अर्थ 'कुठल्या गाड्यांच्या कंपनीत' असा घ्यायचा असतो. माझी बायको मेधा ब्रेकच्या डिझाइनमध्ये आहे. तेवढं ऐकून समोरचा समाधानाने मान डोलावतो आणि माझ्याकडे वळतो.

"आणि तुम्ही?"

"मी कायोटी बघतो."

"छंद छान आहे. पण काम काय करता?"

"हेच. पगार देतात त्याचा."

यानंतर समोरच्याला एकदम आठवतं की बटाटेवडे संपायच्या आत रांगेत उभं राहायला हवं. गेली चौदा वर्षं मी रिकाम्या जागेकडे बघत माझ्या नोकरीची पुढची माहिती देतोय. इथे वाचकांना पळता येणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याहून थोराड आणि लांडग्याहून किरकोळ असा प्राणी. पिंगट-राखाडी अंग, काटकुळे पाय, झुपकेदार शेपटी आणि चेहऱ्यावर 'आम्ही इथलेच, तुम्हीच नवीन' असा भाव. तो जंगलात राहतो तसा मॉलच्या पार्किंगमागच्या झुडपातही राहतो. आमच्या काउंटीच्या पार्क विभागात त्याच्यावर लक्ष ठेवायला दोन माणसं आहेत. एक माझी साहेब, डेब. साठीची, उंच, दिवसाला साधारण वीस शब्द बोलणारी बाई. दुसरा मी. अकोल्याला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं, मेधाच्या व्हिसाचं शेपूट धरून इथे आलो, काही वर्षं घरी बसून पोळ्या गोल करायला शिकलो आणि वर्क परमिट हातात पडल्यावर जी पहिली नोकरी मिळाली ती धरली. जाहिरातीत 'थंडीची आणि दुर्गंधीची सवय असावी' असं होतं. थंडीबद्दल मी खोटं बोललो.

आमचं वर्ष जानेवारीच्या शेवटी सुरू होतं, कारण तेव्हा कायोटींची लग्नसराई सुरू होते. एरवी बर्फावर एकाचा माग दिसतो. आता दोघांचे माग शेजारी शेजारी चालायला लागतात. वाटेतल्या झुडपावर आधी ती खूण करते, मग तो तिथेच करतो. मादी माजावर असली की तिच्या खुणेत बर्फावर एखादा गुलाबी थेंब असतो. तो थेंब शोधत मी मैलोन् मैल खाली मान घालून चालतो. सापडला की तारीख लिहायची, दोन महिने पुढे मोजायचे आणि बाळंतपणाचा अंदाज बांधायचा. एका वर्षी ही नोंद मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर केली. एप्रिलच्या चौकोनात 'डिलिव्हरी' असं वाचून मेधाच्या दोन मैत्रिणी तिला कोपऱ्यात घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "या वयात? डॉक्टरांना विचारलंस ना?"

नुसती कायोटी बघून भागत नाही, तिचं ताटही बघावं लागतं. ताटात मुख्य पदार्थ म्हणजे गवतातले बुटके, आखूड शेपटीचे उंदीर. हिवाळ्यात ते बर्फाखाली बोगदे करून मजेत राहतात. कायोटी वर उभी राहून मान तिरकी करून ऐकते, मग कमान टाकून उडी मारते आणि नाकावर बर्फात घुसते. मागचे पाय आणि शेपूट तेवढं बाहेर. दर चार उड्यांत तीन फुकट जातात, आणि फुकट गेल्यावर ती इकडेतिकडे बघते. कुणी पाहिलं तर नाही ना, अशी. त्या क्षणी मला ती फार जवळची वाटते.

तिनं प्रत्यक्षात काय खाल्लं हे मात्र मागच्या दारानेच कळतं. म्हणजे विष्ठेतून. हिवाळाभर ती वेचायची, पिशवीवर जागा आणि तारीख लिहायची, ऑफिसच्या फ्रीझरमध्ये ठेवायची. मेमध्ये सगळी काढून आधी भट्टीत तापवायची, म्हणजे त्यातले जंत मरतात. मग एकेक नमुना बायकांच्या लांब नायलॉनच्या मोज्यात घालून गाठ मारायची आणि वॉशिंग मशीनमध्ये धुवायची. माती, मळ वाहून जातो. हाडं, दात, केस, बिया मोज्यात राहतात. या कामासाठी मी एकदा दुकानात जाऊन मोज्यांच्या दोन डझन जोड्या घेतल्या. मागच्या रांगेत मंडळाच्या साने मावशी होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी मोज्यांकडे पाहिलं आणि नमस्कार अर्धाच केला. मी घरी पोचायच्या आत त्यांचा मेधाला फोन आला होता. मेधा म्हणाली, "अहो मावशी, तो त्यात शी धुतो." हे ऐकून त्यांना बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

आता मुख्य गोष्ट. ही गेल्याच वर्षाची.

आमची वसाहत काउंटीच्या एका कुरणाला लागून आहे. त्या कुरणातल्या मादीचा नंबर अकरा. डेबचा नियम आहे, नावं ठेवायची नाहीत. नाव ठेवलं की माणूस नोंदी लाडाने करतो. मी नियम पाळला. तिला घरी फक्त अकराबाई म्हणायचो. डावा कान फाटलेला, चाल ठसक्याची. फेब्रुवारीत तिचा गुलाबी थेंब मला सापडला आणि एप्रिलच्या अखेरीस कुरणाच्या टोकाच्या बांधात ती बिळात गेली. लांबच्या कॅमेऱ्यावर नर येरझारा घालताना दिसत होता. सगळं सुरळीत होतं.

आणि मेच्या पहिल्या आठवड्यात दामले काकांची ईमेल आली. दामले काका निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ, चाळीस वर्षं इथे, आमच्या वसाहतीच्या असोसिएशनचे अध्यक्ष. ईमेल सगळ्यांना होती. भर दुपारी एक कायोटी त्यांच्या अंगणापर्यंत आली, त्यांच्या बंड्या नावाच्या पॉमेरेनियन कुत्र्यामागे पंधरा पावलं चालली आणि काका ओरडले तरी नुसती उभी राहिली. तिचा कान फाटलेला होता. शनिवारी मीटिंग, सोमवारी ट्रॅपर.

ट्रॅपर कायोटीला पकडून लांब सोडतो, असा पुष्कळांचा समज असतो. सोडत नाहीत, मारतात. आणि आई गेली की बिळातली पिल्लं राहतच नाहीत. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका वसाहतीत हे झालं होतं. मी त्या मीटिंगला हजर होतो. माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच होतं. पण सगळे तावातावाने बोलत होते आणि मी म्हटलं, जरा शांत होऊ देत, मग बोलू. शांत झाले तेव्हा ठराव झालेला होता. नंतरच्या आठवड्यात त्या बिळाची नोंद करायला मलाच जावं लागलं. वहीत मी 'निष्क्रिय' असं लिहिलं. तो शब्द मला अजून आवडत नाही.

कायोटी दिवसाढवळ्या माणसाला बिचकत नाही, याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: कुणीतरी तिला खायला घालतंय. मी आणि डेबने अकराबाईंचे हिवाळ्यातले नमुने घाईने धुवायला काढले. पहिल्या मोज्यात उंदरांचे दात. दुसऱ्यात सशाचे केस. तिसऱ्यात दात, केस आणि एक घडी पडलेलं, निमुळत्या टोकाचं काळपट पान. चौथ्यातही. पाचव्यात तीन.

डेबने पान भिंगाखाली धरलं, तिच्याकडची दोन्ही पुस्तकं उलटली. "हे मिशिगनमध्ये उगवत नाही," ती म्हणाली. मग पानाशेजारचे बारीक गोल काळे दाणे चिमट्याने उचलले. "हेही."

मी भिंगावर वाकलो. कढीपत्ता. आणि मोहरी. वीस-बावीस फेब्रुवारीची फोडणी.

"ओळखतोस?" डेबने विचारलं.

"बघतो," मी म्हणालो. चौदा वर्षांत तिच्याशी बोललेलं हे पहिलं अर्धसत्य.

गाडीत बसून मी वसाहतीतली आपली सगळी घरं डोळ्यांपुढे आणली. कुलकर्णी? रेड्डी? प्रत्येकावर संशय घेऊन झाला. आपल्या ड्राइव्हवेत गाडी लावली आणि मग मला डिसेंबर आठवला.

माझ्या सासूबाई डिसेंबरात सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. साताऱ्याच्या, वय चौऱ्याहत्तर, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. जेवणाआधी पानातलं थोडंथोडं काढून गाईचा घास ठेवायचा आणि मगच जेवायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "जावईबापू, इथे गाय कुठे असते हो?" मी फोनमध्ये डोकं घालून बसलो होतो. म्हणालो, "मागे ओकच्या झाडाखाली ठेवा, खाईल कुणीतरी." आणि विसरलो.

त्या विसरल्या नाहीत. पाच महिने, रोज दुपारी साडेबाराला, वरण-भात, पोळी, भाजी, वर तुपाची धार. बर्फ पडला की माझे अकरा नंबरचे बूट घालून जायच्या. मी मागांचा तज्ज्ञ. बर्फावरच्या दोन ठशांवरून नर कुठला आणि मादी कुठली ते सांगतो. घरामागे ओकपर्यंत रोज माझ्याच बुटांचे ठसे जात होते आणि मी तिकडे कधी गेलो, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

घरात गेलो. "आई, तो घास कोण खातं हो?"

"खार खाते ना. ताटली चाटूनपुसून लख्ख असते. गुणी खार आहे."

मी ओकवर कॅमेरा लावला. दुसऱ्या दिवशीचा फोटो बारा वाजून अठ्ठावीस मिनिटांचा होता. घास ठेवायला दोन मिनिटं अवकाश होता आणि अकराबाई पंगतीत पान मांडायची वाट बघावी तशा पुढचे पाय जुळवून बसल्या होत्या.

सासूबाईंनी चष्मा चढवून फोटो बराच वेळ बघितला. मला वाटलं घाबरतील.

"अहो, ही लेकुरवाळी आहे," त्या म्हणाल्या. "पोट बघा तिचं. दूध उतरलंय."

"हो."

"मग मी उद्यापासून तूप वाढवते."

"आई, बंद करायचंय."

"बाळंतिणीचं ताट बंद करायचं? हे तुम्हाला पगार देऊन शिकवतात?"

जावयाने सासूला चार गोष्टी सुनावण्याची आपल्याकडे पद्धत नाही, आणि मुख्याध्यापिकेला तर नाहीच नाही. पण तीन वर्षांपूर्वीची ती वही मला दिसत होती. मी खुर्ची ओढून समोर बसलो आणि सगळं सांगितलं. रोज दुपारी माणसाच्या हातचं खाऊन तिची भीती गेली आहे. भीती गेली म्हणून ती बंड्याच्या अंगणात गेली. म्हणून सोमवारी माणूस येणार आहे, आणि तिच्यामागे बिळातली पिल्लंही जाणार आहेत. चूक तुमची नाही, माझी आहे. जागा मीच दाखवली.

 त्यांनी ताटातला काढून ठेवलेला घास वाटीत घालून माझ्यापुढे सरकवला.

"हे काय?"

"मला घास काढल्याशिवाय जेवता येत नाही. गाय इथे नाही, तिला द्यायचा नाही. मग तुम्हीच खा."

तेव्हापासून जूनपर्यंत आमच्या घरात गाईच्या जागी मी होतो. दुपारी फिल्डवर असलो तर वाटी झाकून ठेवलेली असायची. मेधाने आईला विचारलं, "फार फरक पडला का गं?" त्या म्हणाल्या, "गाय तक्रार करत नाही."

डेबला दुसऱ्या दिवशी सकाळी खरं सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं. "म्हणजे या वर्षीच्या अभ्यासातला सगळ्यात मोठा बाहेरचा घटक," ती म्हणाली, "तू आहेस." मग वहीत 'अज्ञात पान' खोडून माझ्याकडून कढीपत्त्याचं स्पेलिंग घेतलं.

शनिवारी दामले काकांच्या बेसमेंटमध्ये मीटिंग भरली. मी चार कागदांवर मुद्दे लिहून नेले होते. सासूबाई म्हणाल्या, मी येणार. काकांनी प्रस्ताव मांडला, मी घसा खाकरला, आणि माझ्याआधी सासूबाई उठल्या.

"मी हिची आई," मेधाकडे बोट दाखवून त्या मराठीतच म्हणाल्या. "ते जनावर चुकलेलं नाही, मी चुकले. पाच महिने रोज दुपारी मी त्याला जेवायला घातलं. मला माहीत नव्हतं. आता बंद केलंय. शिक्षा करायची तर मला करा."

मेधाने इंग्रजीत सांगितलं.  दामले काका अवघडले. एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईंना काय शिक्षा करणार?

"मावशी, तुम्ही बसा बघू," ते म्हणाले. "प्रश्न तुमचा नाही. उद्या तिने बंड्याला उचलला तर?"

"काका, तीन आठवडे द्या," मी म्हणालो. या वेळी शांत होण्याची वाट बघितली नाही. उभा राहून, घाम पुसत, बोललोच. "खाणं बंद झालं आणि ती इकडे आल्यावर पिटाळून लावली, तर ती परत कुरणात शिकार करायला लागेल. पहिल्या आठवड्यानंतर एकदा जरी दिवसा कुणाच्या अंगणात दिसली, तर मी स्वतः ट्रॅपरला बीळ दाखवतो. आणि तुमचा बर्डफीडरही काढा. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात, उंदरांवर ती येते."

"माझा बर्डफीडर? अरे, माझे कार्डिनल्स येतात त्याच्यावर."

"बंड्या की कार्डिनल्स, काका?"

बरीच घासाघीस झाली. शेवटी काका म्हणाले, "ट्रॅपर तीन आठवडे पोस्टपोन करतो. कॅन्सल नाही करत, लक्षात ठेव."

पिटाळणं म्हणजे काय, तर मोठ्याने ओरडायचं, भांडी वाजवायची, ती जाईपर्यंत मागे हटायचं नाही. मी लोकांना हे शिकवतो. रविवारी बारा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी अकराबाई येऊन बसल्या. मी बाहेर जाऊन हात वर करून ओरडलो. त्यांनी जांभई दिली. माझा आवाज मुळात अर्ज करणाऱ्या माणसाचा आहे.

मागून दार वाजलं. सासूबाई स्टीलची परात आणि झारा घेऊन बाहेर आल्या. नऊवारीवर माझं जाकीट, पायात माझे बूट. त्या सरळ ओककडे निघाल्या. अकराबाईंनी कान टवकारले आणि त्यांची शेपूट किंचित हलली. ताट वाढणारी आली, असंच वाटलं असणार त्यांना.

सासूबाई पाच-सहा पावलांवर थांबल्या. परात हातात तशीच.

"आई, वाजवा," मी म्हणालो.

"वाजवते हो." मग तिच्याकडे बघत म्हणाल्या, "पोरी, इथे येऊ नकोस. इथे आलीस तर मारतील तुला." आणि शाळेची घंटा द्यावी तसा झारा परातीवर हाणला. एकदा, दोनदा, दहादा. पुढे पुढे जात. अकराबाई दचकून उठल्या, दोन उड्या मागे गेल्या, वळून बघितलं. परातीचा आवाज थांबला नाही. मग त्या कुंपणापलीकडच्या गवतात दिसेनाशा झाल्या.

सासूबाई आत आल्या, परात ओट्यावर ठेवली आणि देवघरापुढे जाऊन बसल्या. त्या दिवशी माझ्या वाटीत सगळंच आलं, त्या जेवल्या नाहीत.

सोमवारी परत आली, परत परात. मंगळवारी कुंपणापर्यंतच आली. बुधवारी कॅमेऱ्यात नुसतं वाकलेलं गवत. गुरुवारपासून तेही नाही. शेजारी आता आमच्याकडे परात मागायला यायचे, गरज नसताना. दामले काका रोज संध्याकाळी फोन करायचे, "आज?" मी म्हणायचो, "नाही." तर ते थोडे निराश झाल्यासारखे, "बरं," म्हणायचे. बर्डफीडर त्यांनी गॅरेजमध्ये ठेवला होता आणि कार्डिनल्स शेजाऱ्यांकडे गेले होते.

पण माझा जीव टांगणीला होता तो वेगळ्याच गोष्टीने. अंगणात येत नाही, हे खरं. पण तिकडे बिळात काय चाललंय? पाच महिने आयतं खाल्लेल्या बाईला आता दोन वेळच्या उंदरांवर पिल्लं पोसता येतील का? ताज्या नमुन्यांत मला दात दिसायला हवे होते. पहिल्या आठवड्यात गवत आणि भुंगे. दुसऱ्यात एका उंदराचा जबडा. तिसऱ्या आठवड्यात मी मोजा उलटा केला आणि ट्रेमध्ये दातांचा सडा पडला. नागमोडी कडांचे, तांदळाच्या कणीएवढे. मोहरीचा एक दाणा नाही. डेबने ट्रेकडे बघितलं आणि माझ्या खांद्यावर एकदा हात ठेवला. वीस शब्दांच्या हिशोबात हे भाषण होतं.

एकविसाव्या दिवशी सकाळी मी दामले काकांना घेऊन कुरणाच्या कडेला गाडी लावली. कायोटी पायी माणसाला बघून लपते, उभ्या गाडीकडे दुर्लक्ष करते. म्हणून आम्ही गाडीतूनच बघतो, काच चार बोटं खाली करून. सासूबाई पुढे बसल्या, दोन दिवसांवर त्यांचं परतीचं विमान होतं. काका मागे, गळ्यात दुर्बीण, चेहऱ्यावर 'दाखव काय ते' असा भाव.

अर्धा तास काही नाही. काकांनी दोनदा घड्याळ बघितलं. मग बांधावरच्या गवतातून एक पिल्लू बाहेर पडलं. पडलं म्हणजे खरंच घरंगळलं. त्याच्यामागे दुसरं, तिसरं, आणि बऱ्याच वेळाने, मोठ्या विचाराने, चौथं. मातीच्या रंगाची, मोठ्या कानांची. एकाने दुसऱ्याची शेपूट धरली, दुसऱ्याने तिसऱ्याची. मग कुणी कुणाला धरलंय याचा सगळ्यांनाच विसर पडला.

"अगं बाई," सासूबाई हळूच म्हणाल्या. "चार."

गवत हललं आणि अकराबाई आल्या. तोंडात उंदीर, जिवंत. पिल्लं धावली. तिने उंदीर मध्ये सोडला आणि बाजूला बसली. उंदीर पळाला. पहिल्या पिल्लाने मान तिरकी केली, थेट आईसारखी, कमान टाकून उडी मारली आणि उंदीर होता तिथून हातभर लांब नाकावर आपटलं. दुसरं त्याच्यावर आपटलं. उंदीर मधूनच निघून गेला. अकराबाई सावकाश उठल्या, दोन पावलांत त्याला पकडलं आणि पुन्हा मध्ये आणून ठेवलं.

"अशीच शिकतात पोरं," सासूबाई म्हणाल्या. "पाटी पुसून परत द्यायची."

मी मागे वळून बघितलं. काकांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली होती, कारण हसण्याने ती हलत होती. मग त्यांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि तोंडावर हात धरून ट्रॅपरच्या ऑफिसशी बोलायला लागले. सोमवारची अपॉइंटमेंट कॅन्सल करा. नाही, नवी तारीख नको. हो, कायमचीच. पलीकडच्या माणसाला ऐकू येत नसावं. काकांना तेच तीनदा सांगावं लागलं, दर वेळी आधीच्याहून हळू.

"सर, जरा मोठ्याने बोला," पलीकडून स्पष्ट ऐकू आलं.

"नाही बोलू शकत," काका कुजबुजले. "समोर पोरं खेळतायत."